सख्ख्या चुलतभावाशी बोलणं बंद आहे आणि चर्चमध्ये प्रीतीचं वचन मीच वाचतोय, काय करू

रंगावली_काठ

प्रभूत सलाम सगळ्यांना. वाचतो नेहमी, लिहितोय पहिल्यांदा, लांबलं तर सांभाळून घ्या.

गाव आमचं नवापूर तालुक्यात. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला म्हणजे विश्वासात आमची तिसरी पिढी. काकांचं घर आणि आमचं घर, दोघांत विहीर एक, मोटार एक, सातबाऱ्यावर निम्मा निम्मा हिस्सा. पाळी आजोबांनीच लावून दिली होती, 3 दिवस त्यांचे, 3 दिवस आमचे, रविवारी मोटार बंद. इतकी वर्षं त्यात कधी शब्दाला शब्द लागला नाही. मागच्या उन्हाळ्यात विहीर पार तळाला गेली. माझी 15 गुंठे भेंडी होती, तोडा नुकताच सुरू झालेला. लाईट त्या आठवड्यात रात्रीची, 10 ला येणार. माझी पाळी होती, मी जरा डोळा लागला म्हणून 12 ला गेलो तर स्टार्टरची पेटी हाताला गरम लागली आणि विहिरीत खाली नुसता चिखल दिसतोय. चुलतभावाने माझ्या पाळीचं पाणी ओढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवरच भांडण झालं. मी खूप बोललो. त्याच्या वडिलांबद्दल, म्हणजे माझ्याच काकांबद्दल, जे बोलू नये ते बोललो. काका वारलेत 3 वर्षांपूर्वी. त्याची बायको आणि दोन्ही पोरं तिथेच उभी होती, ऐकत होती. भेंडी तर गेलीच.

त्याला आता 9 महिने झाले. नाताळात त्यांच्या घरून फराळ आला नाही, आमच्याकडून गेला नाही. आई करंज्यांचा डबा भरून दोन दिवस ओट्यावर ठेवून बसली होती, शेवटी आमच्याच पोरांनी खाल्ल्या.

तर गोष्ट अशी की आमच्या मंडळीत शास्त्रभाग वाचायची माझी पाळी असते महिन्यातून एकदा. मागच्या रविवारी मार्क 12 आला. पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बुद्धीने, पूर्ण शक्तीने देवावर प्रीती कर, इथपर्यंत वाचलं व्यवस्थित. पुढे "तू आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" आलं आणि तो समोर दुसऱ्या ओळीत खाली मान घालून बसलेला. माझा आवाजच निघेना. लोकांना वाटलं खोकला आला.

मला विचारायचंय ते हे. गीत गाताना माझ्या डोळ्यात खरंच पाणी येतं, प्रार्थनेला बसलो की उठावंसं वाटत नाही, म्हणजे देवावर माझं प्रेम आहे असंच मी धरून चाललोय. पण त्याच्याबद्दल आत काहीच नाही. दगड. मग ते देवावरचं प्रेम खोटं समजायचं का? आणि मनात काही नसताना मी त्याच्याकडे जाऊन गोड बोललो तर ते ढोंग नाही का होणार? पाळकसाहेब म्हणाले प्रार्थना कर. करतो ना. पण प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं की तीच रात्र, तोच गरम स्टार्टर डोळ्यासमोर येतो आणि प्रार्थना राहते बाजूला, मी मनात परत भांडायला लागतो.

---

भुसावळ_जंक्शन

भाऊ 1 योहान 4:20 वाचा. डोळ्याला दिसणाऱ्या भावावर ज्याची प्रीती नाही त्याने न दिसणाऱ्या देवावर प्रीती आहे म्हणू नये, योहान सरळ लबाड म्हणतो अशाला. उत्तर वचनात आहे, अवघड काही नाही.

---

रंगावली_काठ

वाचलंय भाऊ. पाठ आहे. त्यानेच तर झोप गेलीये.

---

जुना_उपदेशक

भुसावळवाले भाऊ, वचन बरोबर दिलंत, पण जखमेवर नुसतं मीठ टाकून निघून जाऊ नये. त्याच अध्यायात त्याच्या आदल्याच ओळीत, 19 मध्ये, लिहिलंय की आपण प्रीती करतो कारण त्याने पहिल्याने आपल्यावर प्रीती केली. योहानाने लबाड हा शब्द काढायच्या आधी माणसाच्या पायाखाली जमीन दिली आहे. 20 वी ओळ एकटी सुटी करून कोणाला देऊ नये असं माझं मत आहे.

बेटा रंगावली, मी दोंडाईचा शहादा भागात 31 वर्षं उपदेशकाचं काम केलं, आता घरी असतो, डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून नातू टाईप करतोय. तुझी पोस्ट त्याने दोनदा वाचून दाखवली.

प्रीती हा शब्द बघ, आपण तो फक्त चर्चमध्ये वापरतो. घरात कोणी म्हणतं का माझी बैलावर प्रीती आहे? घरात म्हणतात त्याने बैलाला फार जीव लावला. जीव लावला म्हणजे काय केलं? पहाटे उठून चारा टाकला, पाणी दाखवलं, खांदा आला तर हळद तेल लावलं, गोचीड काढले. थंडीच्या दिवसात उठायला जिवावर येतं, तरी उठतो माणूस. तेव्हा काही ऊर भरून आलेला नसतो. आणि 8-10 वर्षं असं केल्यावर तोच बैल बाजारात न्यायची वेळ आली की तोच माणूस दावं हातात धरून रडतो. रडू मागून आलं बेटा, चारा आधी होता.

वचनात "पूर्ण जिवाने" लिहिलंय ते मी असं वाचतो. देवाला जीव लाव. आणि अंतःकरण म्हणजे तू समजतोस तसं फक्त भरून येण्याची जागा नाही. मूळ इब्री शब्द लेव, त्या लोकांच्या बोलण्यात लेव म्हणजे माणूस जिथे विचार करतो, जिथे ठरवतो ती जागा. येशूने हे शब्द जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायातून घेतले, यहुदी लोक ते रोज सकाळ संध्याकाळ म्हणतात. म्हणजे पूर्ण अंतःकरणाने म्हणजे ठरवण्यात दोन मतं नकोत. डोळ्यात पाणी येतं ती देवाची देणगी आहे, ते खोटं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण मोजायचं माप ते नाही.

आता ढोंगाचं. निर्गम 23, ओवी 4 आणि 5 काढ. तुझ्या शत्रूचा बैल नाहीतर गाढव मोकाट फिरताना दिसलं तर त्याच्याकडे नेऊन पोचव. तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर सोडून जाऊ नको, त्याला उठवायला मदत कर. तिथे कुठे लिहिलंय का की आधी शत्रूबद्दल मन साफ कर आणि मग बैल हाक? शत्रू त्या ओळीत शत्रूच आहे. पण बैल घरी पोचला पाहिजे. देवाने मनाची वाट बघितली नाही, बैलाचं दावं आधी हातात दिलं. हे ढोंग नाही. ढोंग म्हणजे लोकांना दाखवायला करणं. रात्री कोणी बघत नसताना बैल नेऊन बांधला तर त्यात दाखवणं कुठे आलं?

आणि लेवीय 19 पूर्ण वाच. "स्वतःसारखी प्रीती" हे येशूने तिथून घेतलं, 18 वी ओवी. आपण तेवढी एक ओळ उचलतो आणि भिंतीवर लावतो. तिच्या आजूबाजूला काय आहे ते बघ. पीक कापताना शेताच्या कडा पार कापू नको, सरवा वेचू नको, तो गरिबाला आणि परक्याला राहू दे. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नको. बहिऱ्याला शिव्या देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत काही ठेवू नको. वजन माप खरं ठेव. सगळं शेतातलं आणि बाजारातलं आहे रे. कापसाच्या वेचणीच्या दिवसात मी हा अध्याय मुद्दाम वाचायचो आणि सांगायचो की बायांची मजुरी शनिवारच्या बाजाराआधी हातात पडली पाहिजे, ही प्रीतीच आहे. काही जणांना नाही आवडायचं. मग मी पुढच्या वर्षी परत वाचायचो.

---

रातपाळी_सिस्टर

उपदेशक काकांनी जे लिहिलंय ना चारा आधी रडू मागून, ते मी माझ्या कामात बघितलंय म्हणून लिहितेय.

मी धुळ्याकडे एका दवाखान्यात नर्स आहे, सर्जिकल वॉर्ड, नाईट जास्त असतात. एक आजोबा होते, शुगरचे पेशंट, पायाला जखम, अंगठा काढलेला. नातेवाईक नाही कोणी. आणि तोंडाने इतके वाईट की वॉर्डातले मामा मावशी कोणी त्यांच्या बेडजवळ जायला तयार नाही. मलाही पहिल्या दिवशी शिवी दिली, जेवणाचं ताट भिरकावलं. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं की उद्या माझी ड्युटी दुसऱ्या बाजूला दे म्हणून सांगणार आहे.

नाही सांगितलं. का ते माहीत नाही, सकाळी प्रार्थनेत लूक 10 आला होता, शोमरोनी माणसाची गोष्ट. त्याला त्या जखमी माणसाला बघून कळवळा आला असं लिहिलंय. मला तर कळवळा आला नव्हता, मला राग आला होता. पण पुढे त्याने काय काय केलं ते मी नर्स म्हणून वाचलं. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली, स्वतःच्या जनावरावर बसवून सराईत नेलं, रात्रभर काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी दोन दिनार दिले आणि सांगितलं जास्त लागलं तर परत येताना देईन. दिनार म्हणजे त्या काळात मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणजे ड्रेसिंग, शिफ्टिंग, दोन दिवसांचा पगार आणि वर फॉलोअप. कळवळा एका शब्दात संपला, बाकी सगळं काम आहे. मी म्हटलं प्रभू कळवळा नसेल तर नसू दे, ड्रेसिंग तरी नीट करते.

रोज रात्री 10 च्या राऊंडला ड्रेसिंग. सलाईनने धुवायचं, मेलेली कातडी काढायची, वास सहन करायचा, गॉज भरायचा, बँडेज. पहिले 8-10 दिवस शिव्याच. मग एका रात्री शिव्या नाही, नुसते डोळे मिटून पडलेले. मग एक दिवस मी 2 दिवस सुट्टीवर होते, परत आले तर म्हणाले "माय, तू नव्हती तं त्या दुसरीनं पट्टी ढिली बांधी दिन्ही." बस एवढंच. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. कधी जीव लागला त्यांना मला कळलंच नाही, मी तर ठरवून काही केलंच नव्हतं, पट्टी तेवढी बांधत होते.

ते वाचले नाहीत शेवटी. पण भाऊ तुम्ही दगड म्हणताय ना, त्या दगडाची भीती बाळगू नका एवढंच सांगायचंय. आणि अजून एक, नाईट करून करून मी पण कधी कधी पार रिकामी होते, तेव्हा काही उरत नाही द्यायला, तेव्हा मी ते 19 वं वचन धरते, त्याने पहिल्याने. पाच मिनिटं लिनन रूममध्ये बसून राहते, काही मागत नाही, फक्त बसते. कळशी भरायला विहिरीवर थांबावं लागतंच ना.

---

माहेरी_परत

सगळ्यांचं वाचलं, मनाला लागलं, पण मला एक वेगळं बोलायचंय आणि कोणाला राग आला तरी बोलणार आहे.

प्रीती कर, सोसत राहा, हे वाक्य मी 6 वर्षं ऐकलं. माझा नवरा प्यायचा आणि मारायचा. मंडळीतल्या मोठ्या बायका घरी यायच्या, प्रार्थना करायच्या आणि जाताना सांगायच्या, तू प्रीतीने जिंक. मी जिंकत बसले. एक दिवस माझ्या 4 वर्षांच्या मुलीने तिच्या बाहुलीला तसंच मारलं, तेच शब्द वापरून. त्या दिवशी मी बॅग भरून माहेरी आले, चाळीसगावला. तेव्हा पण लोक म्हणाले प्रीती कमी पडली हिची.

म्हणून सांगते, जीव लावणं आणि दुसऱ्याला अन्याय करू देणं एक नाही. उपदेशक काकांनी लेवीय 19:18 सांगितलं, मी त्याच्या आधीची 17 वी ओवी वाचून जगले आहे. आपल्या भावाचा मनात द्वेष करू नको, आणि लगेच पुढे, आपल्या शेजाऱ्याचा निषेध अवश्य कर, नाहीतर त्याच्यामुळे तुला पाप लागेल. म्हणजे तोंडावर सांगणं हा प्रीतीचाच भाग आहे. गप्प बसून मनात कुढत राहणं हाच द्वेष. मी माझ्या नवऱ्यासाठी आजही रोज प्रार्थना करते, नाव घेऊन, त्याची दारू सुटावी म्हणून. पण परत गेले नाही आणि जाणार नाही.

आता रंगावली भाऊ तुमचं. तुम्ही दोन गोष्टींचा एकच गोळा केलाय असं मला वाटतं. पाणी ओढलं ते त्याचं. काकांबद्दल बोललात, त्याच्या पोरांसमोर, ते तुमचं. पाण्याचा हिशोब तुमचा त्याच्याकडे निघतो, बरोबर. पण बोलण्याचा हिशोब त्याचा तुमच्याकडे निघतो, आणि तो तुम्ही पूर्ण पोस्टमध्ये एका ओळीत उरकलाय. मत्तय 5:23 नीट वाचा. वेदीजवळ दान आणताना आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर असं नाही लिहिलेलं तिथे. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध.

तुमचं तेवढं तुम्ही फेडा, त्याने पाण्याची माफी मागो न मागो. आणि पाण्याची पाळी कागदावर लिहून घ्या दोघांच्या सह्यांनी, दोन साक्षीदार घ्या. त्यात प्रीती कमी होत नाही. उलट पुढच्या उन्हाळ्यात वाचेल.

---

जुना_उपदेशक

ताई, नातवाने वाचून दाखवलं आणि मी बराच वेळ गप्प बसलो. मी पण माझ्या कामाच्या वर्षांत एका घरी जाऊन अशीच प्रार्थना करून, असंच सांगून परत आलोय. त्या मुलीचं पुढे काय झालं ते मला माहीत आहे. तुम्ही निघालात ते बरं केलंत. 17 वी ओवी मी 18 च्या आधी वाचायला पाहिजे होती.

रंगावली, ताई बोलल्या तसं कर. दोन्ही हिशोब वेगळे मांड.

---

भुसावळ_जंक्शन

रंगावली भाऊ माफ करा, त्या दिवशी मी दोन ओळी टाकून ड्युटीवर निघून गेलो. नंतर पूर्ण गाडीत डोक्यात तेच.

माझी एक भर. मी वाचतो थोडंफार या विषयावर, म्हणून. आपण विश्वासात वाढलो हे कशावरून धरतो? मी तर वचनं किती पाठ, सभेत प्रार्थना किती लांब यावरून धरत आलो. पण 2 पेत्र 1 मध्ये पायऱ्या दिल्यात बघा, विश्वासात सात्त्विकतेची भर घाला, मग ज्ञान, इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, आणि सुभक्तीच्याही पुढे बंधुप्रेम आणि मग प्रीती. म्हणजे सुभक्ती झाली की पोचलो असं नाही, त्यापुढे अजून दोन आहेत आणि त्या दोन्ही माणसांकडे जातात. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौल लिहितो की बंधुप्रेमाविषयी तुम्हाला लिहायची गरज नाही, तुम्ही करताच आहात, आणि लगेच म्हणतो ते अधिकाधिक करा. करतायत तरी अधिक. म्हणजे हे एकदा झालं आणि संपलं असं नाहीच.

"पूर्ण शक्तीने" याबद्दल पण, यहुदी गुरूंच्या जुन्या शिकवणीत, मिश्नामध्ये, शक्ती म्हणजे तुझा पैसाअडका असा अर्थ दिलाय. मला ते वाचून धक्का बसला होता. गीताला आवाज लावणं म्हणजे शक्ती असं मला वाटायचं. तुमच्याबाबतीत शक्ती म्हणजे बहुतेक पाणी.

आणि पूर्ण बुद्धीने म्हटलं की मला पंडिता रमाबाई आठवतात. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली, विधवा केडगावला आणल्या, उपाशी, आजारी, काही तर अंगावर धड कपडा नसलेल्या. त्याच रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून पूर्ण बायबल साध्या मराठीत केलं, म्हणजे शाळेत न गेलेल्या बाईला कळेल अशा. अगदी शेवटपर्यंत ते काम चाललं होतं, 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या. छपाई त्यांनी केडगावला काढलेल्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच केली. आपण अभ्यास करणारा वेगळा आणि सेवा करणारा वेगळा असे दोन माणसं करून ठेवलेत, त्यांच्यात ते एकच होतं. मी अजून फक्त अभ्यासातच आहे हे मला कळतंय. आमच्या क्वार्टरच्या खाली एक कुटुंब राहतं, यूपीकडचं, त्यांचा मुलगा आजारी असतो सारखा, त्या बाईला मराठी येत नाही, डॉक्टरला काय सांगायचं कळत नाही. 2 वर्षं जिन्यात भेटतात. काल पहिल्यांदा विचारलं. गुरुवारी त्यांच्याबरोबर दवाखान्यात जातोय.

---

रातपाळी_सिस्टर

भुसावळ भाऊ, मुलाच्या आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, विसरू नका. डॉक्टर तेच आधी विचारतात.

---

रंगावली_काठ

11 दिवसांनी लिहितोय. सगळ्यांच्या पोस्ट रोज वाचत होतो पण उत्तर काय देऊ कळत नव्हतं.

ताईंनी हिशोब वेगळे करा म्हटलं, ते मला पहिल्या दिवशी फार लागलं, खरं सांगतो फोन बाजूला ठेवून दिला होता. 9 महिने मी भेंडी किती किलो गेली याचाच हिशोब करत होतो. काकांनी मला पोहायला शिकवलं होतं त्याच विहिरीत, कमरेला दोर बांधून. आणि त्याच विहिरीच्या काठावर उभं राहून मी त्यांना बोललो.

प्रार्थनेचं एक बदललं. त्याचं नाव घेतलं की स्टार्टर दिसतो म्हणून मी त्याच्या पोरांची नावं घ्यायला लागलो. धाकट्याची दहावी आहे यंदा. पोरांसाठी मागताना भांडण मध्ये येत नाही.

आता परवाचं. लाईट रात्रीची, पाळी त्याची होती. मी मक्याला रानडुक्कर येतात म्हणून राखणीला गेलो होतो. रात्री एक दीडला बांधावरून पाण्याचा आवाज, बॅटरी मारली तर त्याचा 3 इंची पाईप जॉईंटमधून निसटलेला आणि सगळं पाणी नाल्यात चाललंय. तो पलीकडच्या टोकाला हरभऱ्यात असेल, दिसत नव्हता. मला पहिले काय वाटलं ते पण सांगतो, वाटलं जाऊ दे, कळू दे त्याला. अगदी हेच शब्द मनात आले. आणि लगेच काकांनी, म्हणजे उपदेशक काकांनी लिहिलेलं गाढव आठवलं, ओझ्याखाली बसलेलं.

मोटार बंद करायला पेटीपर्यंत गेलो आणि हात मागे घेतला. त्याच्या पाळीत मी मोटारीला हात लावला आणि तेवढ्यात तो आला तर परत तेच. म्हणून फोन लावला. 9 महिन्यांनी. नंबर काढून टाकला नव्हता मी, का कोणास ठाऊक. दोन वेळा वाजला, उचलला. मी म्हटलं पाईप निसटलाय नाल्याजवळ, मोटार बंद करू का. तो म्हणाला कोण. माझा नंबर त्याने काढून टाकला होता. मी म्हटलं मी आहे. बराच वेळ काहीच नाही, नुसता वाऱ्याचा आवाज फोनमध्ये. मग म्हणाला कर.

आला तो धावत. दोघांनी पाईप बसवला, मी दाबून धरला, त्याने सायकलची ट्यूब कापून गुंडाळली. वीस पंचवीस मिनिटं. धर, सोड, अजून दाब, एवढंच बोलणं. थंडी होती, दोघांचे हात गारठलेले. ट्यूबची शेवटची गाठ तो मारत होता तेव्हा मी म्हटलं, काकांबद्दल मी बोललो ते पाप केलं, पोरांसमोर बोललो ते अजून मोठं, मला माफ कर. पाण्याचं काही काढलं नाही. त्याने गाठ मारली, पाईपवर हात फिरवून गळतंय का बघितलं. काही बोलला नाही. मग मोटार चालू करायला गेला आणि तिकडूनच हरभऱ्यात निघून गेला.

रविवारी तो दुसऱ्या ओळीतच होता, मागे वळून बघितलं नाही. पण उपासना सुटल्यावर त्याचा धाकटा आईजवळ आला आणि म्हणाला आजी यंदा करंज्या नाही दिल्या. आई त्याला घेऊन घरी आली. घरात करंज्या कुठल्या आता, तिने त्याला नागलीची भाकर आणि ठेचा दिला, पोटभर खाऊन गेला.

पाळी कागदावर घ्यायचं ताईंनी सांगितलं ते अजून राहिलंय. आधी त्याने तोंड उघडू दे, मग ते बोलेन, तोंडावरच बोलेन. दगड गेला का म्हणाल तर नाही गेला पूर्ण. पण त्या रात्री पाईप धरताना त्याच्या हाताला चिरा पडलेल्या दिसल्या बॅटरीच्या उजेडात, काकांच्या हाताला पडायच्या तशाच, आणि तेव्हापासून त्याचं नाव घेतलं की आधी तो हात येतो डोळ्यासमोर.

आज माझी पाळी. लाईट 10 ला येईल, निघतो.